गोट्याचं ऑपरेशन: आठ महिन्यांनंतर काय कामी आलं, काय माळ्यावर गेलं

आमच्या बोक्याचं नाव गोट्या. लघवीत खडे निघाल्यावर या नावावरून जेवढे विनोद व्हायचे तेवढे होऊन गेलेत, तेव्हा तो विषय सोडू.

गेल्या जुलैत तो सारखा शू-शीच्या ट्रेमध्ये जाऊन बसायचा, कण्हायचा आणि काही न करता उठायचा. आम्ही आधी गेलो तिथे बद्धकोष्ठ म्हणून पातळ औषध देऊन घरी पाठवलं. रात्री उलट्या सुरू झाल्या तेव्हा दुसरीकडे पळवलं. तिथल्या डॉक्टरांनी पोटाला हात लावला आणि म्हणाले, मूत्राशय मोसंब्याएवढं टणक झालंय. रक्तातलं पोटॅशियम ८.४ निघालं, जे साधारण साडेपाचच्या आत हवं. ते चढलं की हृदयाचे ठोके मंदावतात. लघवी तुंबलेला बोका दोन-तीन दिवसांत दगावू शकतो तो यामुळेच. बोका ट्रेमध्ये बसून कुंथत असेल तर आधी शू होतेय का ते बघा, शीचं नंतर.

कॅथेटर घालून मोकळा केला, तो तीन दिवसांत परत तुंबला. मग पंधरा दिवसांत तिसऱ्यांदा. शेवटी ऑगस्टमध्ये पीयू केलं, म्हणजे पेरिनिअल युरेथ्रोस्टॉमी. बोक्याची मूत्रनलिका शेवटाला फार बारीक होत जाते आणि तिथेच वाळू व चिकटा मिळून बूच बसतं. तो अरुंद भाग काढून टाकतात आणि आतला रुंद भाग शेपटीखाली कातडीला शिवून नवं तोंड करतात. आई म्हणाली, "म्हणजे याची मांजर केली की!" साधारण तसंच.

आता वस्तूंकडे. सगळ्यात महाग पडला तो कापडी कोन, म्हणजे टाके चाटू नयेत म्हणून गळ्यात घालतात तो. दवाखान्यातून प्लॅस्टिकचा पारदर्शक कोन मिळाला होता, अडीचशेचा. तो घालून गोट्या दाराच्या चौकटीला धडकायचा, भिंतीला घासत चालायचा, रात्रभर खडखड. मला बघवेना. मी ऑनलाइन नऊशे रुपयांचा सूर्यफुलाच्या आकाराचा मऊ कोन मागवला. फोटो झकास आले. तिसऱ्या रात्री चप चप आवाजाने जाग आली. साहेबांनी सूर्यफूल मानेकडे दुमडून तोंड बरोबर टाक्यांपर्यंत पोचवलं होतं. चादरीवर रक्ताचे ठिपके, दोन टाके तुटलेले. परत गुंगीचं इंजेक्शन, परत टाके, आणि चौदा दिवसांचा कोन चोवीस दिवसांवर गेला. मांजराची जीभ म्हणजे किसणी. शिवाय जखम चाटून चिघळली तर भरताना नवं तोंड आक्रसू शकतं आणि सगळं मुसळ केरात, हे डॉक्टरांनी तेव्हा नीट समजावलं. कडक कोनच घ्या, कडा नाकाच्या पुढे दोन बोटं जाईल एवढा. जेवायला द्यायचं तर डबा उपडा घालून त्यावर छोटी बशी ठेवायची. बशी कोनाच्या आत शिरते आणि त्याला नीट खाता येतं. ताटलीत दिलं की कोनाची कड जमिनीला टेकते आणि तो खाणं पुढे ढकलत स्वयंपाकघरभर हिंडतो.

लिटर, म्हणजे ट्रेमध्ये घालायची माती: नेहमीची महिनाभर बंद, तिचे कण ओल्या जखमेला चिकटतात. कागदाच्या गोळ्या आमच्याकडे मिळाल्या नाहीत, लाकडाच्या गोळ्यांवर त्याने पाय ठेवला नाही. मग रद्दीतली वर्तमानपत्रं पट्ट्या करून घातली. फुकट, आणि गोट्याला एकदम पसंत. पहिले चार-पाच दिवस शू थेंबथेंब गळायची, त्यासाठी पेट पॅड घेऊ नका. अंथरुणाला खिळलेल्या माणसांसाठी मेडिकलमध्ये अंडरपॅड मिळतात, ते स्वस्त पडतात आणि जास्त शोषतात. मागचे केस सतत ओले राहिले की कातडी लाल होते. कोमट सलाइनमध्ये भिजवलेल्या गॉजने टिपायचं, चोळायचं नाही, आणि शूच्या नव्या तोंडावरची खपली काढायला जायचं नाही. हात शिवशिवतात, मला माहीत आहे.

औषधांबद्दल एकच. शेजारच्या काकांनी प्रेमाने सांगितलं, दुखत असेल तर तापाची अर्धी गोळी दे. पॅरासिटामॉल मांजराला विष आहे, एका गोळीनेही जीव जातो. डॉक्टरांनी लिहून दिलेलंच द्या.

पाण्याचं कारंजं, किंमत २४००. आठ महिन्यांतला निकाल: गोट्या त्यात पंजा बुडवतो आणि बाथरूममधल्या बादलीतलं पाणी पितो. पंपात आठवड्याला बुळबुळीत थर साचतो, तो घासायला जुना टूथब्रश लागतो. आता ते माळ्यावर आहे. त्यापेक्षा ओल्या खाण्यात तीन चमचे कोमट पाणी कालवणं जास्त उपयोगी पडलं. लघवी पातळ ठेवायची, बाकी सगळं त्यासाठीच.

खाण्यावर मात्र कंजुषी केली नाही. त्याचे खडे स्ट्रुव्हाइटचे होते. हे युरिनरी डाएटने विरघळू शकतात, कॅल्शियम ऑक्झलेटचे विरघळत नाहीत, म्हणून आधी प्रकार कळायला हवा. मी विचारलं होतं, ऑपरेशन झालं, आता साधं खाणं चालेल ना? डॉक्टर म्हणाले, "रस्ता रुंद केलाय मॅडम, वाळूचे ट्रक बंद नाही केले." पुण्यात राहणाऱ्याला यापुढे काही समजावून सांगायची गरज नसते. आईचा सुकटीचा लाड तेव्हापासून बंद. निदान माझ्यासमोर.

सर्वांत उपयोगी वस्तू घरातच होती: स्वयंपाकघरातला वजनकाटा. कागदाच्या पट्ट्यांमध्ये ढेकळं होत नाहीत, मग शू किती झाली हे कळणार कसं? ट्रे आधी काट्यावर ठेवायचा, नंतर परत ठेवायचा, फरक ग्रॅममध्ये. एक ग्रॅम म्हणजे साधारण एक मिली. (तो काटा आता फक्त गोट्याचा आहे. पोळ्यांसाठी नवा घेतला, आईचा आग्रह.) आकडे लिहायचे कालनिर्णयवर, दुधाच्या खाड्यांशेजारी. माती परत सुरू केल्यावर ढेकळं मोजायची आणि तीच वजन करायची. साडेचार किलोच्या आमच्या बोक्याचा हिशोब दिवसाला तीन वेळा, दर वेळी तीस ते चाळीस ग्रॅम असा बसला.

दिवाळीनंतरच्या आठवड्यात चौकोनात एकदम नऊ आकडे आले, सहा-सात ग्रॅमचे. मला वाटलं फटाक्यांचा ताण, कारण ताणानेही मांजरांचं मूत्राशय सुजतं. डॉक्टरांनी अंदाजावर अँटिबायोटिक द्यायला नकार दिला. सोनोग्राफीत बघून पोटातून सुईने लघवी घेतली आणि कल्चरला, म्हणजे जंतू वाढवून ओळखायच्या तपासणीला, पाठवली. तीन दिवसांनी ई. कोलाय आला. नळी आखूड आणि तोंड रुंद झालं की जंतूंनाही वाट सोपी होते, पीयूनंतर हा त्रास बऱ्याच बोक्यांना होतो. कोणतं औषध लागू पडेल तेही रिपोर्टमध्ये होतं. कोर्स संपल्यावर पुन्हा कल्चर केलं, स्वच्छ. आकडे नसते तर मी ताण-ताण करत आठवडा घालवला असता.

आता एप्रिल. धार जाड आहे, सर्रकन आवाज येतो. त्या आवाजाला मी आणि आई दोघी आपापल्या खोलीत कान लावून असतो. तीन महिन्यांनी एकदा लघवीची तपासणी चालू आहे. परवा दूधवाल्याशी हिशोब करताना आईने कालनिर्णय बघून त्याला सांगितलं, "मंगळवारी पस्तीस." तो बिचारा म्हणाला, "मावशी, पस्तीस लिटर?"