थॅनोस की किलमाँगर, कोणता व्हिलन भारी?
किलमाँगरचा 'ब्लॅक पँथर' आणि थॅनोसचा 'इन्फिनिटी वॉर', मार्व्हलचे दोन्ही पिक्चर २०१८ चे, आणि दोन्हीकडचे व्हिलन स्वतःला बरोबरच समजतात. थॅनोस दणकट आहे, अख्खा पिक्चर त्याच्याभोवती फिरतो, मानलेली मुलगी गमोराला कड्यावरून ढकलताना डोळ्यात पाणी येतं आणि शेवटी चुटकी वाजवून विश्वातले अर्धे जीव संपवतो, जिंकतो पण. फक्त लॉजिक पटत नाही राव, काहीही करू शकणारे सहा जादुई स्टोन हातात असताना अर्धे जीव मारण्यापेक्षा रिसोर्सेस डबल कर ना! मला तरी किलमाँगरच जास्त भिडतो, बापाला सख्ख्या काकाने मारलं, पोराला अमेरिकेतल्या ओकलंडमध्ये तसंच टाकून दिलं आणि त्याच्या बापाचा देश वकांडा सगळं असून लपून बसला, त्याचा राग खरा आहे, रस्ता तेवढा चुकला. म्हणूनच वकांडाचा राजा, हिरो टीचाला शेवटी वकांडा जगासाठी उघडा करतो, म्हणजे व्हिलनने हिरोचे विचार बदलले, थॅनोसला ते कुठे जमलं?