उन्हाळ्यातली आंबील: ज्वारीची की नाचणीची?

मार्च उलटला की सोलापुरात सकाळचा चहासुद्धा नकोसा होतो. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वरच असतो, दुपारी जेवणावर वासना नसते, आणि घरातली म्हातारी माणसं नुसत्या पाण्यावर दिवस काढायला बघतात. आंबील सुरू करायची हे ज्यांचं ठरलंय, पण पीठ ज्वारीचं घ्यावं की नाचणीचं इथे अडलंय, त्यांच्यासाठी हे लिहितोय. आमच्या घरी दोन्ही पिठांची आंबील झालेली आहे, आणि दोन्हींनी पोटाला आराम दिलेला आहे.

आधी नाचणीची बाजू. कॅल्शियममध्ये ज्वारी तिच्या जवळपासही येत नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2017 च्या तक्त्यात 100 ग्रॅम नाचणीत सुमारे 364 मिलिग्रॅम कॅल्शियम दिलंय, ज्वारीत जेमतेम 28. घरात वाढती मुलं असतील, बाळंतीण असेल, किंवा दूध न पचणारं कुणी असेल तर हा फरक मोठाच आहे. लोहात मात्र दोघी साधारण बरोबरीच्या, आणि प्रथिनांत ज्वारी थोडी पुढे: दहाला सात. रात्रभर ताकात आंबवल्याने धान्यातलं लोह शरीराला जरा सोपं मिळतं, तो फायदा दोन्हींना सारखाच.

चवीचं म्हणाल तर नाचणीला मातकट गोडसर चव असते आणि रंग लालसर. कोल्हापूरकडच्या किंवा कर्नाटकातल्या माणसाला तीच खरी आंबील वाटेल. आमच्या इकडे जीभ ज्वारीवर वाढलेली. मालदांडी ज्वारीचं पीठ ताकात आंबून शिजलं की त्याला जो वास येतो, त्यात ठेचलेला लसूण, जिरं आणि कोथिंबीर पडली की माझी आई अर्धी भाकरी जास्त खाते. हे काही मोजमाप नव्हे, पण उन्हाळ्यात वयस्कर माणसाच्या पोटात दोन घास जादा जाणं मला फार मोलाचं वाटतं.

शिजवण्यात दोन्हींत विशेष फरक नाही. तीन-चार चमचे पीठ वाटीभर ताकात रात्री कालवून ठेवायचं, सकाळी उकळत्या पाण्यात ओतून रवीने किंवा पळीने सारखं घाटायचं, म्हणजे गुठळ्या होत नाहीत. सात-आठ मिनिटांत पीठ शिजतं. गार झाल्यावर दोन्ही घट्ट होतात, मग प्यायच्या वेळी ताक घालून पातळ करायची. मे महिन्यात मात्र पीठ रात्री उशिरा भिजवा, नाहीतर सकाळपर्यंत तोंडात धरवणार नाही इतकं आंबतं.

माझा कौल जिथे ठरला ती गोष्ट ताटातली नाहीच. ती आहे नाचणीची कच. दाणा मोहरीएवढा, त्यात तेवढेच बारीक खडे. ते सुपात पाखडून जात नाहीत, निवडताना दिसत नाहीत. नाचणी पाण्यात रोळून घ्यावी लागते, एकदा नाही, पाणी स्वच्छ निघेपर्यंत. मग पंचावर पसरून वाळवायची, मग दळण. ज्या गावात नळाला रोज पाणी असतं तिथे हे काही काम नाही. आमच्याकडे उजनी धरणाचं पाणी काही दिवसांच्या अंतराने येतं. भरलेल्या पिंपातून बादल्याच्या बादल्या नाचणीवर ओतताना जीव तुटतो, आणि पाणी वाचवायला एक हात कमी फिरवला तर आंबील पिताना दातांखाली कच येते. आईने एकदा वाटी बाजूला सारली ती सारलीच.

त्यात गिरणीची अडचण. किलोभर नाचणी घेऊन गेलं की गिरणीवाला म्हणतो थांबा, आणि चूक त्याचीही नाही. दिवसभर ज्वारी चालू असलेल्या जात्यावर एवढ्याशा दळणासाठी तो काय करणार? हाती येतं ते निम्मं आपलं, निम्मं आधीच्याचं. तयार पिठाचं पाकीट हा उपाय आहे, पण दळून किती दिवस झाले ते कळत नाही, आणि जुन्या पिठाची आंबील कडवट लागते.

ज्वारीला यातलं काही नाही. रब्बीची ज्वारी फेब्रुवारी-मार्चमध्ये निघते, म्हणजे आंबीलीच्या तोंडावरच नवा दाणा घरात येतो. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे, आणि ती आपल्याच जिल्ह्यातली. पाखडली, निवडली, गिरणीत दिली, झालं. भाकरीसाठी पीठ घरात असतंच, त्यातलंच मूठभर रात्री भिजवायचं. जे रोज करायचं ते सहज होण्यासारखं असावं, असं निदान माझ्या घरापुरतं तरी मला वाटतं.

तरीही लहान बाळ घरात असेल तर मी नाचणीच म्हणेन, आणि तीही मोड आणून केलेलं सत्त्व. मोडामुळे ते शिजल्यावर पातळ राहतं आणि बाळाला गिळायला सोपं जातं. मधुमेह असलेल्यांनी यातल्या कुठल्याच आंबीलीला औषध समजू नये. दोन्ही शेवटी पिठूळच, आणि पातळ पेज भाकरीपेक्षा लवकर पचते, म्हणून साखर तपासत प्रमाण ठरवावं. रक्तदाब असेल तर मीठ अगदी बेताचं.

नाचणी घ्यायचीच असेल तर आधी अर्धाच किलो घ्या, मूठभर पाण्यात टाकून तळाशी काय बसतं ते बघा, आणि मगच बाकीची आणा.