हाताने ढकलायचं चौदा इंची लॉन मोअर: चार पावसाळे वापरल्यानंतर

कोल्हापुरात आमच्या घरापुढे तीस बाय चाळीस फुटांचं अंगण आहे आणि त्यात हरळीचं लॉन आहे. नर्सरीतून गालिच्यासारखी गुंडाळी आणून अंथरलेलं हे लॉन नाही. शेताच्या बांधावरची हरळी आणून बायकोने एकेक काडी टोचत दोन वर्षांत ते उभं केलं. त्यामुळे ते कापायचं मशीन घेताना मी जरा जास्तच चौकशी केली. चार पावसाळे वापरून सांगतो, एवढ्या जागेला हाताने ढकलायचं, गोल फिरत्या पात्यांचं मशीन घ्यावं. मात्र त्याला धार लावायची सोय आधी बघून ठेवावी. माझा सगळा त्रास धारेपायीच झाला.

त्याआधी एक विजेवर चालणारं मशीन ऑनलाइन मागवलं होतं. खाली पंख्यासारखं एकच पातं, वर मोटर, मागे जाळीची टोपली. पहिले सहा महिने छान चाललं. मग पुढच्या चाकाचा प्लॅस्टिकचा आस तुटला. चार आण्यांची वस्तू, पण ती कुठेच मिळेना. सर्व्हिस सेंटर पुण्यात, आणि तिथून उत्तर आलं की आस सुटा मिळत नाही, खालचा सांगाडा अख्खा घ्यावा लागेल. शिवाय वायरीची कटकट होतीच. एका हाताने मशीन ढकलायचं आणि दुसऱ्या हाताने वायर पात्यापासून लांब धरायची. विजेचं मशीन वापरणाऱ्यांनी त्या प्लगच्या लाइनला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागली की पुरवठा लगेच तोडणारा स्विच) बसवून घ्यावा आणि ओल्या गवतात ते चालवू नये, एवढं मात्र आवर्जून सांगेन.

पण ते मशीन मनातून उतरलं ते गवताच्या शेंड्यांमुळे. ते पातं वेगाने येऊन गवताला तडाखा देतं. धार जराशी कमी झाली की गवत कापलं न जाता फाटतं. कापल्यावर दोन दिवसांनी सगळ्या लॉनवर पांढुरकी झाक यायची. खाली वाकून गवताची एक पात हातात घेतली की टोक चिंध्या झाल्यासारखं दिसायचं.

मग एका शेतीच्या अवजारांच्या दुकानात हे ढकलायचं मशीन दिसलं. दुकानदाराला विचारून ते उलटं केलं आणि बघतच राहिलो. मी इचलकरंजीत एका प्रोसेस हाउसमध्ये एकोणतीस वर्षं काढली, त्यातली बरीचशी शिअरिंग मशीनवर. कापडावर आलेले सुटे धागे आणि तूस कापणारं ते मशीन. त्यात पिळदार पात्यांचा एक सिलिंडर फिरतो, त्याच्याखाली एक सरळ पातं पक्कं बसवलेलं असतं आणि दोघांच्या मधे येईल ते कात्रीसारखं कापलं जातं. लॉन मोअर अगदी तसंच होतं. नंतर वाचलं तेव्हा कळलं की हा योगायोग नाही. इंग्लंडमध्ये स्ट्राउड गावाजवळ एडविन बडिंग नावाच्या कारागिराने १८३० साली पहिलं लॉन मोअर केलं, ते कापडगिरणीतलं हेच मशीन बघून. ज्या मशीनवर आयुष्य गेलं, त्याचंच भावंड अंगणात ढकलायला मिळतंय, याचा मला खरोखर आनंद झाला.

कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण या बांधणीची मशीनं बऱ्याच कंपन्या जवळपास सारखीच करतात. नावापेक्षा मशीन बघून घ्यावं. मी दुकानात वर्तमानपत्राची एक पट्टी फाडून मागितली. सिलिंडर हाताने हळू फिरवत ती पट्टी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जागोजागी खालच्या पात्यावर धरायची. सगळीकडे कात्रीने कापल्यासारखी स्वच्छ कापली गेली पाहिजे. (हे करताना बोटं लांब. पातं सावकाश फिरत असलं तरी बोट कापतं.) पहिल्या मशीनमध्ये डाव्या बाजूला कागद नुसता दुमडत होता. दुसरं उघडायला लावलं, ते बरोबर होतं. खालचं पातं रिव्हेट केलेलं नको, स्क्रूने बसवलेलं हवं, म्हणजे झिजल्यावर बदलता येतं. सिलिंडर हाताने वरखाली हलवून बघावा, खडखडला तर बेअरिंग किंवा बुश (दांडा ज्यात फिरतो ती कडी) ढिले आहेत. आणि दोन्ही टोकांचे ॲडजस्टिंग बोल्ट साध्या पान्याने फिरतात ना, हे बघावं. पाच पात्यांचं, चौदा इंची, मागे रोलर असलेलं हे मशीन मला ६,८०० रुपयांना पडलं.

वापरायला किती कष्ट पडतात, असं शेजारी विचारतात. चौदा इंचांतले दोन इंच आधीच्या पट्ट्यावर ठेवायचे, म्हणजे एका फेरीत फूटभर नवं गवत कापलं जातं. तीस फेऱ्या, प्रत्येक चाळीस फुटांची. एकूण बाराशे फूट चालणं. वळणं धरून वीस मिनिटं लागतात. मी बासष्ट वर्षांचा आहे आणि मला दम लागत नाही. आवाज म्हणाल तर शिवणयंत्राइतका. रविवारी सकाळी साडेसहाला कापलं तरी कुणाची झोपमोड होत नाही.

त्रास होतो तो पावसाळ्यात. कोल्हापूरचा जुलै म्हणजे झड लागली की आठ-आठ दिवस उघडीप नाही, आणि हरळी तर बघता बघता वाढते. हे मशीन तीन इंचांपर्यंतचं गवत नीट कापतं. त्याहून उंच गवत पात्यांत येण्याऐवजी पुढे आडवं पडतं आणि मशीन त्याच्यावरून निघून जातं. हरळीचे तुरे तर हमखास मागे उभे राहतात. दुसऱ्या वर्षी आम्ही लेकीकडे बारा दिवस राहून आलो, तर लॉन गुडघ्याखालपर्यंत आलं होतं. विळ्याने आधी कापून काढावं लागलं. तेही एकदम बुंध्यापर्यंत नाही. एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशाहून जास्त कापलं की हरळीचे पिवळे दांडे उघडे पडतात आणि लॉन भाजल्यासारखं दिसतं. पावसाळ्यात दर पाच-सहा दिवसांनी, उघडीप बघून, आणि थंडीत तीन आठवड्यांनी एकदा कापणं जमत असेल तरच हे मशीन घ्यावं.

कंपाउंडच्या कडेचा दोन फुटांचा पट्टा मी श्रावणापासून कापत नाही, हिची तशी सक्त ताकीद आहे. हरळी म्हणजेच दूर्वा. पण सतत कापलेल्या लॉनमध्ये गणपतीला वाहता येतील असे तीन पानांचे लांब कोंब मिळत नाहीत. त्या पट्ट्यातून आमच्या आणि शेजारच्या दोन घरांच्या एकवीस-एकवीस दूर्वांच्या जुड्या निघतात.

आता धार. दीड वर्षाने कागद कापला जाईना, म्हणून गावातल्या एका दुकानात मशीन दिलं. त्यांनी १,१०० रुपये घेतले आणि हातातल्या ग्राइंडरने प्रत्येक पातं वेगवेगळं घासलं. काही ठिकाणी पातं तापून निळं पडलं होतं, म्हणजे तिथला कडकपणा गेला. ते बघून मला फार वाईट वाटलं. ही पाती वेगवेगळी घासायचीच नसतात. सगळ्यांचा मिळून एकच गोल राहिला पाहिजे, तरच प्रत्येक पातं खालच्या पात्याला सारखं टेकतं. घरी आणून ढकललं तर आणखी नवल. चाकं फिरतात, सिलिंडर गप्प. मागे ओढलं की मात्र उलटा फिरतो.

ते घेऊन कोल्हापुरातल्याच शिवाजी उद्यमनगर या कारखान्यांच्या वस्तीत गेलो. तिथल्या एका लेथवाल्या मिस्त्रींनी चाक काढून एक नजर टाकली. "काका, पिनियन उलटी बसल्यात की! डावी उजवीकडं, उजवी डावीकडं." चाकाच्या आत दाते असतात, ते सिलिंडरच्या टोकावरच्या पिनियनला, म्हणजे छोट्या दातेरी चाकाला, फिरवतात आणि पिनियनमध्ये सायकलच्या फ्रीव्हीलसारखी एक खिटी असते. पुढे जाताना ती अडकते, मागे येताना सुटते. बाजू बदलल्या की सगळं उलटं. मिस्त्रींनी पाच मिनिटांत त्या सरळ केल्या, सिलिंडर दोन सेंटरांत धरून सगळी पाती एका गोलात ग्राइंड करून दिली. एक बुश अंडाकृती झिजला होता, तो गनमेटलचा नवा करून बसवला. सगळ्याचे मिळून ७५० रुपये घेतले. ज्या गावात ओतकाम आणि लेथवर हात बसलेली अशी माणसं आहेत, तिथे लोखंडी मशीन कधी भंगारात जात नाही. प्लॅस्टिकच्या आसाचं दुःख आठवलं की याची किंमत कळते.

दुकानाच्या त्या चुकीतून मला एक उपयोगाची गोष्ट मिळाली. पिनियनच्या बाजू बदलल्या की सिलिंडर उलटा फिरतो, आणि धार लावायला नेमकं तेच हवं असतं. आता दर दिवाळीनंतर मी स्वतः करतो ते असं. मशीन विटांवर उलटं ठेवतो, चाकं अधांतरी राहतील असं. पिनियन अदलाबदल करून बसवतो. दोन्ही टोकांचे बोल्ट पाव-पाव फेरा आवळून पाती खालच्या पात्याला जेमतेम टेकतील असं करतो, दोन्ही बाजू सारख्या. मोटारसायकलच्या गॅरेजवाल्यांकडे व्हॉल्व्ह बसवायची ग्राइंडिंग पेस्ट मिळते, ती ब्रशने पात्यांच्या कडेला लावतो आणि चाक हाताने मागे फिरवत राहतो. आधी खरखर आवाज येतो, मग हळूहळू सूर एकसारखा होतो. आवाज सारखा झाला की पाती सारखी झाली, हे शिअरिंगवर शिकलेलं कानात पक्कं बसलंय. पंधरा-वीस मिनिटं पुरतात. नंतर रॉकेल किंवा डिझेलने पेस्टचा कणन् कण धुऊन काढायचा, नाहीतर ती बेअरिंग खाते. पिनियन परत सरळ बसवायच्या, तेल द्यायचं आणि कागदाची पट्टी धरून बघायची.

हे मशीन सगळ्यांना जमेल असं नाही. जागा तीन-चार हजार चौरस फुटांच्या पुढे असेल तर पेट्रोलचं बघावं. पण त्यात आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल पडतं आणि इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. म्हणून थंडीत मशीन महिना-दोन महिने ठेवणार असाल तर टाकी आणि कार्बोरेटर रिकामा करून ठेवावा. अंगणात खडी, नारळाच्या हीरांचे तुकडे किंवा फांद्या पडत असतील तर ढकलायचं मशीन नको. एक खडा पात्यांत आला की खाच पडते, आणि ती खाच प्रत्येक फेरीला गवताची एक बारीक रेघ मागे सोडते. मी कापण्याआधी अंगण झाडून घेतो. खांद्याला अडकवायच्या ब्रशकटरने लॉन कापणारेही बरेच दिसतात. बांधावरच्या गवताला ते ठीक आहे. लॉनवर मात्र त्याची नायलॉनची दोरी शेंडे फाडते आणि उंचीही एकसारखी राहत नाही.

खालचं पातं आता बरंच झिजलंय. बोल्ट जवळजवळ शेवटापर्यंत आवळले गेलेत. मशीन घेतलं त्या दुकानातून नवं पातं ६५० रुपयांना आणून ठेवलंय, स्क्रूसकट. यंदाची झड ओसरली की बसवणार आहे.