लुक्लाला काठमांडूहून उडायचं की मंथलीहून?

आमच्या ठाण्याच्या ग्रुपमधली काही मंडळी ऑक्टोबरात एव्हरेस्ट बेस कॅम्पला निघाली आहेत. दर रविवारी येऊरला सराव चालतो आणि उतरताना वाद एकच, लुक्लाचं, म्हणजे बेस कॅम्पची पायपीट जिथून सुरू होते त्या नेपाळमधल्या गावाचं, विमान कुठून घ्यायचं? मी दोन्हीकडून गेलोय, म्हणून लिहितो. (मंथली हे रामेछाप जिल्ह्यातलं गाव. रेल्वेच्या पासाशी त्याचा काही संबंध नाही, हा विनोद आमच्याकडे करून झालाय.)

आकडे बघितले तर मंथली सहज जिंकते. काठमांडू ते लुक्ला हवाई अंतर साधारण 135 किलोमीटर, विमानाला 30-35 मिनिटं. मंथलीहून तेच 74 किलोमीटरच्या आसपास, म्हणजे ठाणे-कसारा सरळ रेषेत मोजलं तर येईल तेवढं. 15-20 मिनिटांत खेळ खलास. कानात घालायला दिलेला कापूस नीट बसेपर्यंत लुक्ला येतं.

पण मंथलीला पोचायचं कसं? काठमांडूहून 130 किलोमीटरच्या आसपास वळणावळणाचा रस्ता, चार-पाच तास. हवेतला पाव तास वाचवण्यासाठी रात्री दीड-दोनला गाडीत बसायचं. आमच्या गाडीत अर्धे लोक पहाटेपर्यंत पिशवीत तोंड घालून होते.

मग मंथली हवंच कशाला? लुक्लामुळे. तिथली धावपट्टी 527 मीटरची, आपली 22 डब्यांची मेलगाडी जेमतेम मावेल एवढी. त्यात जवळपास 12 टक्के चढ, म्हणजे एका टोकापासून दुसरं टोक सुमारे 60 मीटर उंच. वरच्या टोकाला डोंगर, खालच्या टोकाला दरी. चुकलं तर पुन्हा घिरटी घालून येऊ, ही सोय नाही. दुपारकडे वारा आणि ढग वाढतात, त्यामुळे उड्डाणं सकाळीच उरकतात. त्या मोजक्या तासांत काठमांडूच्या एकुलत्या धावपट्टीवर मोठ्या विमानांमागे रांग लावायची, की मंथलीहून भराभर फेऱ्या मारायच्या? म्हणून गर्दीच्या हंगामात लुक्लाची बरीचशी उड्डाणं मंथलीला हलवतात.

माझं मत विचाराल तर ऑक्टोबरात मंथलीच धरा, पण रात्रीचा प्रवास टाळा. आदल्या दिवशी दुपारी पोचून तिथेच मुक्काम करा. सोबत साठीच्या पुढचं कुणी असेल तर हे ऐकाच. 2024च्या सप्टेंबरातल्या पुरात त्या बाजूचा बीपी राजमार्ग जागोजागी वाहून गेला होता, तेव्हा निघण्याआधी रस्त्याची ताजी खबर घ्या. डिसेंबर-जानेवारीत जाणार असाल आणि काठमांडूहून थेट तिकीट मिळत असेल, तर मंथलीचा विचारही करू नका.

लुक्लावरचे ढग मात्र दोघांनाही सारखेच अडवतात. परतीनंतर दोन दिवस मोकळे ठेवा. लुक्लाहून उतरलात त्याच संध्याकाळचं मुंबईचं विमान काढू नका. आमच्यातल्या एकाने काढलं होतं, ते तिकीट बुडालं.

सामानाचा काटाही दोन्हीकडे सारखाच, आम्हाला हातातलं धरून माणशी 15 किलो. मंथलीला पहाटे गारठा फारसा नसतो, तरी आमचा एक गडी अंगावर तीन जाकिटं चढवून रांगेत घामाघूम उभा होता. बेसनाचे लाडू खिशात भरले होते, ते वजनात धरले नाहीत.