‘लाइफटाइम’ गिअर ऑइल बदललं, त्यानंतरचा उन्हाळा आणि पावसाळा

गाडी पेट्रोल ऑटोमॅटिक, साध्या टॉर्क कन्व्हर्टरची (इंजिनाचा जोर ऑइलमधून गिअरबॉक्सला पोचवणारा भाग), सेकंडहँड घेतलेली. नव्वद हजार किलोमीटर ओलांडले तेव्हा सर्व्हिस सेंटरला गिअर ऑइलचं विचारलं. उत्तर आलं, ‘सर, ते लाइफटाइम आहे, कधी बदलायचं नसतं, हात लावू नका.’ मार्चमध्ये बाहेरच्या गॅरेजमधून बदलून घेतलं. आता दिवाळी उलटली आहे, म्हणून लिहितोय.

आधी फरक सांगतो. नागपूरच्या वर्धा रोडवर संध्याकाळच्या गर्दीत गाडी तापली की दुसऱ्यावरून तिसऱ्या गिअरला जाताना हलका धक्का बसायचा. सकाळी थंड गाडीत तो नसायचा. ऑइल बदलल्यावर मे महिन्यात, पारा ४५ च्या आसपास असताना, एसी फुल्ल ठेवून त्याच रस्त्याने गेलो. धक्का जवळजवळ गेलाय. मायलेजमध्ये मला काही फरक दिसला नाही. पिकअप वाढला वगैरे जे लोक सांगतात, तेही मला जाणवलं नाही.

मिस्त्रीने आधी भरायचा नट सैल करून पाहिला, मगच खालचा खोलला. कारण विचारलं तर म्हणाला, ‘वरचा जाम निघाला तर भरान कुठून, भाऊ? गाडी इथंच उभी राहीन न.’ निघालेलं ऑइल काळपट तपकिरी होतं, जळका वास मारत होतं. चेंबरमधल्या (गिअरबॉक्सच्या खालच्या ऑइलच्या भांड्यातल्या) मॅग्नेटवर काजळासारखा मऊ राखाडी लेप होता. एवढा लेप गिअरबॉक्सच्या आतल्या क्लच आणि गिअरच्या झिजेचा, तो चालतो. बोटाला टोचणारा कीस निघाला असता तर गोष्ट वेगळी होती. लेव्हलसुद्धा इंजिन चालू ठेवून, गाडीच्या कंपनीने दिलेल्या तापमानाला ऑइल आल्यावरच बघितली. हे न करणाऱ्या गॅरेजात जाऊच नका.

एका वेळी साधारण निम्मंच ऑइल निघतं, बाकीचं कन्व्हर्टरमध्ये राहतं. मशीन लावून सगळं फ्लश करायला मी नाही म्हटलं. काही दिवस गाडी चालवून पुन्हा एकदा काढलं-भरलं. ग्रेड मात्र मॅन्युअलमध्ये दिलेलीच हवी. सीव्हीटी आणि ड्युअल क्लच हे ऑटोमॅटिकचेच दुसरे प्रकार, पण सीव्हीटीचं ऑइल वेगळं, ड्युअल क्लचचं वेगळं. दुकानदार ‘सगळ्याला चालते’ म्हणाला तर डबा परत करा.

‘ऑइल बदललं की गिअरबॉक्स बंद पडतो’ ही भीती सगळीकडे ऐकू येते. ज्या गिअरबॉक्सचे क्लच आधीच झिजलेत, तो नव्या ऑइलवर घसरू शकतो, हे खरं. पण तो तसाही जाणारच होता. झेडएफ ही जर्मन कंपनी गिअरबॉक्स बनवते आणि ती स्वतःच ८०,००० ते १,२०,००० किलोमीटर किंवा जास्तीत जास्त ८ वर्षांनी ऑइल बदला म्हणते. त्यांचेच गिअरबॉक्स लावणाऱ्या काही गाड्यांच्या कंपन्या मात्र लाइफटाइम सांगतात. सर्व्हिसचा खर्च कागदावर कमी दिसतो, आणि वॉरंटीनंतरचं दुखणं आपलं. मॅन्युअलमध्ये कडक वापराचं वेगळं कोष्टक असेल तर तेही वाचा: ऊन, धूळ, थांबत-थांबत जाणं. नागपूरकराला वेगळं काय सांगायचं!

त्याच वेळी ब्रेक ऑइलही बदललं. त्याला कोणी लाइफटाइम म्हणत नाही, पण वागवतात तसंच. ते हवेतलं पाणी शोषतं. डॉट ४ ग्रेडचं ब्रेक ऑइल नवं असताना किमान २३० अंशांना उकळायला हवं. पाणी मुरल्यावर ही मर्यादा १५५ वर येते. परतवाड्याहून चिखलदऱ्याला जाऊन घाट उतरणाऱ्यांनी दोन वर्षांची मुदत पाळावी. इंजिन थंड ठेवणाऱ्या कूलंटचंही तसंच. लाँग लाइफ लिहिलेलं असलं तरी मुदत असतेच, आणि टाकीत नळाचं पाणी ओतून ती आपणच कमी करतो.

इंजिनातल्या टायमिंग चेनला (व्हॉल्व्ह वेळेवर उघडणारी साखळी) मात्र मी हात लावलेला नाही. इंजिन ऑइल वेळेवर बदललं तर ती सहसा टिकते. सकाळी स्टार्ट करताना खडखडली तर खोलू. चाकांचे सीलबंद बेअरिंगही आवाज येईपर्यंत तसेच राहतील. मिस्त्रीने सस्पेन्शनचे बुश (सांध्यांमधले रबर) बदलायला सुचवलेत, ते मात्र खरंच फाटलेत. पुढच्या महिन्यात टाकतोय.