सायप्रसला स्वतः गाडी चालवत फिरलो, त्याचा प्लॅन सोलापुरात करून घेतला होता, त्याचा रिव्ह्यू

दिवाळी झाल्यावर नोव्हेंबरमध्ये आम्ही चौघं, मी, हे, सासूबाई आणि सातवीतली लेक, सात दिवस सायप्रसला जाऊन आलो. ग्रुप टूर नाही, ड्रायव्हर नाही, भाड्याची गाडी घेऊन रोज आपलं आपण निघायचं. विमान आणि हॉटेल आम्हीच बुक केलं, पण कुठल्या दिवशी काय बघायचं, कुठल्या रस्त्यानं जायचं हा दिवसावार प्लॅन नवी पेठेतल्या एका छोट्या ऑफिसातून करून घेतला. प्लॅन आणि तिथं असेपर्यंत फोनवर मदत, मिळून साडेचार हजार. पैसे वसूल झाले, पण एक दिवस फार वाईट गेला आणि तो का गेला ते सविस्तर लिहिते, कारण सोलापूरहून जाणाऱ्या कुणाचंही असंच होऊ शकतं.

खरं तर आम्ही ग्रीसच्या क्रीट बेटावर जायचं ठरवून त्या ऑफिसात गेलो होतो. तिथल्या दादांनी आधी विचारलं, गाडी कोण चालवणार? हे म्हणाले मीच. मग ते म्हणाले, क्रीटला उजवीकडून चालवायला लागतं, सायप्रस बघा, तिथं आपल्यासारखं डावीकडून. 1960 पर्यंत इंग्रजांचं राज्य होतं तिथं, त्यामुळं स्टिअरिंग उजवीकडं आणि राउंडअबाउटला उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. बेट बदलायचा हा एक सल्लाच मला साडेचार हजारांचा वाटतो, कारण लार्नाका एअरपोर्टवरून गाडी बाहेर काढली आणि दहा मिनिटांत ह्यांचा हात बसला. हायवे छान, टोल कुठंच नाही, 100 ची मर्यादा.

इंटरनॅशनल परमिट आपल्या आरटीओतूनच काढलं, हजार रुपये फी, एक वर्ष चालतं. गाडीच्या भाड्याचे कागद दादांनी आमच्यासोबत बसून ओळ न ओळ वाचले. इन्शुरन्स असला तरी सुरुवातीची ठरावीक रक्कम आपल्या खिशातून जाते, कच्च्या रस्त्यावर नेली तर काहीच मिळत नाही, म्हणून आकामासच्या बाजूचा कासवांचा लारा बीच त्यांनी प्लॅनमधून काढूनच टाकला. राजधानी निकोसियाच्या दिवशी ठळक अक्षरात लिहून दिलेलं, गाडी पलीकडं, म्हणजे उत्तर भागात, न्यायची नाही. 1974 पासून बेटाचे दोन भाग आहेत आणि दक्षिणेतल्या गाडीचा विमा उत्तरेत चालत नाही. आम्ही गाडी लावून लेड्रा स्ट्रीट चालत फिरलो, रस्त्याच्या शेवटी चौकी दिसते, लेकीनं तिथंच उभं राहून अर्धा तास प्रश्न विचारले.

दुसरी चांगली गोष्ट म्हणजे मुक्काम दोन ठिकाणी केला, आधी लार्नाका मग पाफोस. एकाच हॉटेलात राहून रोज बेट ओलांडत बसलो असतो तर गाडीतच जीव गेला असता. लार्नाकाहून पाफोसला जायच्या दिवशी बॅगा डिकीत टाकून वाटेतली ठिकाणं केली, कुरिऑनचं समुद्रावरचं जुनं थिएटर, मग हायवे सोडून जुन्या बी सहा रस्त्यानं अफ्रोडाइट या ग्रीक देवीच्या खडकापाशी. हायवेनंच गेलात तर तिथं उतरताच येत नाही हे त्यांनी आधी सांगितलेलं. पार्किंग रस्त्याच्या अलीकडं आहे आणि खालच्या बोगद्यातून समुद्रावर जायचं, हेसुद्धा प्लॅनमध्ये होतं. इतकं बारीक लिहिलेलं असलं की परक्या ठिकाणी फार धीर येतो.

सगळ्यात आवडला तो लेफकाराचा दिवस. सकाळी खिरोकिटिया, नऊ हजार वर्षांपूर्वीच्या गोल घरांची वस्ती, आणि तिथून जवळच डोंगरातलं हे गाव. इथलं हातानं केलेलं लेसचं भरतकाम 2009 मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलं. एका दारात एक आजी खुर्चीवर बसून मांडीवरच्या उशीवर कापड ताणून टाके घालत होत्या. सासूबाईंच्या माहेरी माग होते, लहानपण चादरींच्या ढिगातच गेलेलं. त्यांनी टेबलावरचा रुमाल उचलला, उलटा केला, मागचे टाके बघितले, मग कडेला अंगठा फिरवला, अगदी घरी चादर बघतात तसं. त्या आजींनी हातातलं काम थांबवलं आणि स्वतःहून आत जाऊन जुना, पिवळा पडलेला रुमाल आणून दाखवला. एकीला मराठी, दुसरीला ग्रीक, दोघी पाऊण तास त्या रुमालावर बोटं फिरवत बसल्या होत्या. प्लॅनमध्ये लेफकाराला एकच तास होता, तिथं अर्धा दिवस द्या.

आता तो वाईट दिवस. पाफोसहून ओमोडोस गाव, तिथून त्रूदोसचे डोंगर, मग किक्कोस मठ आणि जंगलातून परत पाफोस. किलोमीटर बघितले तर दोनशेच्या आतच. आपण तुळजापूर, अक्कलकोट, गाणगापूर एका दिवसात करून अडीचशेच्या वर गाडी फिरवून रात्री जेवायला घरी असतो, त्यामुळं आम्हाला पण काही जास्त वाटलं नाही. पण आपला रस्ता सपाट ओ! तिथलं ऑलिंपस शिखर 1952 मीटर उंच आणि सगळी नुसती वळणं, वीस किलोमीटरला अर्धा तास सहज जातो. ओमोडोसमध्ये जेवणात वेळ गेला, वर पोचलो तर थंडी, आणि किक्कोसला पोचेपर्यंत चार वाजून गेलेले. नोव्हेंबरमध्ये तिथं पावणेपाचला सूर्य मावळतो आणि डोंगरात तर त्याच्या आधीच अंधारून येतं. पुढं जंगलाचा रस्ता, दुकान नाही, दिवा नाही. सासूबाईंना आधीच मळमळत होतं.

मठाच्या पार्किंगमधून फोन लावला, सोलापुरात पावणेआठ झाले असतील, दादांनी लगेच उचलला. म्हणाले, वहिनी, जंगलाच्या रस्त्यानं अजिबात जाऊ नका, आल्या वाटेनं मागं फिरा, त्रूदोसवरून लिमासोलला उतरा आणि हायवे धरा, लांब पडेल पण रस्ता चांगला आहे. तसंच केलं. उतरताना सासूबाईंना दोनदा उलटी झाली, हॉटेलवर पोचायला साडेआठ. नंतर ते स्वतःच म्हणाले, चूक माझी, हा दिवस मी उन्हाळ्याच्या हिशेबानं लावला होता, जूनमध्ये आठपर्यंत उजेड असतो. ह्यांना राग आला होता आणि तो बरोबरच होता, म्हाताऱ्या माणसाला घेऊन जाणारं गिऱ्हाईक आहे हे माहीत असताना सूर्यास्त बघितलाच पाहिजे. पण रात्री दहाच्या आत दुसऱ्या दिवसाचा नवीन प्लॅन आला, गाडीला हातच लावायचा नाही असा. सकाळी उशिरा उठून बंदराजवळची मोझॅइक, म्हणजे रंगीत दगडांच्या तुकड्यांची जमिनीवरची जुनी चित्रं, बघितली. 1962 मध्ये एका शेतकऱ्याला नांगरताना सापडली म्हणे, आणि त्यात डायोनिसस या ग्रीक देवाची मिरवणूक आहे, हिंदुस्थानावर स्वारी करून परत येतानाची कथा. लेक तिथून हलायलाच तयार नव्हती.

बारीक तक्रारी दोन. जेवणाबद्दल प्लॅनमध्ये नुसतं व्हेज मिळेल असं लिहिलंय, हलूमी चीज ग्रिल करून ब्रेडसोबत मागा हे लिहायला पाहिजे होतं, आम्ही त्याच्यावर शेंगा चटणी घालून तीन दिवस काढले. आणि रविवारी पेट्रोल पंपावर माणूस नव्हता, मशीनमध्ये आधी पैसे भरून आपणच भरायचं, हे ऐनवेळी कळलं.

माझ्या जावेचं मार्चमध्ये जायचं ठरतंय, परवा तिला घेऊन त्याच ऑफिसात गेले होते. प्लॅनच्या कागदावर आता प्रत्येक दिवसाच्या वर सूर्योदय-सूर्यास्ताची वेळ टाकलीये आणि किलोमीटरच्या शेजारी तासांचा रकाना आहे. किक्कोस त्यांनी वेगळ्या दिवशी ठेवलंय, रात्रीचा मुक्काम वर डोंगरातल्या प्लात्रेस गावात.