आईंसाठी घेतलेला डेस्कटॉप, नऊ महिन्यांनंतर

फेब्रुवारी २०२५ मध्ये नागपूरच्या बर्डीवरून, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारातून, एक वापरलेला डेस्कटॉप घेतला, माझ्या सासूबाईंसाठी. आई ६७ वर्षांच्या आहेत. यवतमाळ जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत त्यांनी आयुष्यभर शिकवलं. त्या शाळेच्या आठवणी त्यांना स्वतःच्या हाताने टाइप करायच्या होत्या. मोबाइलला बोलून दाखवायचं आणि त्याने लिहायचं, हे त्यांना पटेना. "माझं वाक्य मला दिसलं पाहिजे," म्हणाल्या.

दुकानात सगळी चर्चा प्रोसेसरची, म्हणजे कॉम्प्युटरचा मेंदू असलेल्या चिपची, आणि कॅबिनेटमधल्या रंगीत लाइटची झाली. "ताई, हा घ्या ना, पोरगा खूश होऊन जाईल," असा आग्रहही झाला. पण या नऊ महिन्यांत आमचं भलंबुरं ठरवलं ते माउस, कीबोर्ड, यूपीएस (लाइट गेल्यावर थोडा वेळ वीज देणारा बॅटरीचा डबा) आणि खिडकीतल्या कूलरने. ज्यांच्या घरी पहिल्यांदाच कॉम्प्युटर येतोय, त्यांनी पैसे वाटताना हे ध्यानात ठेवावं, म्हणून हे लिहायला बसले.

आधी डबा, म्हणजे मुख्य मशीन, कोणता ते सांगते. प्रोसेसर इंटेलचा आय-५, आठव्या पिढीचा, ८ जीबी रॅम, आणि माहिती साठवायला २५६ जीबी एसएसडी. १४ हजारांना पडला. शेजारीच चौथ्या पिढीचा साडेआठ हजारांत मिळत होता आणि माझा हात तिकडेच जात होता. धाकट्या दिरांनी अडवलं. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलचे आठव्या पिढीपासूनचेच प्रोसेसर चालतात. विंडोज १० चा सपोर्ट, म्हणजे सुरक्षेचे अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार, हे आधीच जाहीर होतं. वापरलेलं मशीन घेताना पिढीचा आकडा आधी विचारा, "आय-५ आहे" एवढ्यावर भुलू नका. एसएसडीबद्दलही दुमत नको. जुन्या हार्ड डिस्कमध्ये तबकडी फिरते आणि तिच्यावर माहिती शोधत बसावी लागते, एसएसडीत फिरणारं काहीच नाही. दुकानातला हार्ड डिस्कवाला चालू होईपर्यंत आमचा चहा पिऊन झाला. घरचा वीसेक सेकंदांत उघडतो.

आता माउस. यावर सगळ्यात जास्त लिहिणार आहे, कारण शिकणाऱ्याची पहिली हार इथेच होते.

पहिल्या दिवशी आईंनी माउस धरला, बाण उजवीकडे नेत नेत टेबलाच्या कडेपर्यंत आल्या आणि थांबल्या. बाण पडद्याच्या मध्यावर, हात टेबलाच्या टोकाला. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आता? जागा संपली ना." माउस उचलून परत अलीकडे ठेवायचा, उचलला की बाण हलत नाही, हे सांगायला हवं असं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. वीस वर्षं वापरणाऱ्याला ते सांगण्यासारखं वाटतच नाही. तुमच्या घरी कोणी शिकत असेल तर पहिला धडा हाच द्या.

दुसरी अडचण काचेच्या टेबलाची. बाण उड्या मारायचा. ऑप्टिकल माउस खालच्या पृष्ठभागाची झपाझप चित्रं घेऊन आपण किती सरकलो ते ठरवतो, आणि काचेवर त्याला पकडायला काही सापडत नाही. जुन्या कॅलेंडरचा पुठ्ठा खाली ठेवला आणि उड्या बंद.

डबल क्लिक तर महिनाभर छळत होतं. आईंची बोटं सांधेदुखीची. दोन क्लिकमध्ये अंतर पडायचं, नाहीतर क्लिक करतानाच माउस सरकायचा आणि फाइल भलतीकडे ओढली जायची. माउसच्या सेटिंगमध्ये डबल क्लिकचा वेग कमी केला, बाण मोठा केला आणि तिसरी युक्ती दिली: एकदा क्लिक करून निवडा, मग एंटर दाबा. ती त्यांना इतकी आवडली की आता वेगाची गरजच उरली नाही. आणखी एक, दुकानदाराने भेट दिलेला चिमुकला वायरलेस माउस मुलाकडे गेला. आईंना तळहातात भरेल असा, वायरवाला, ३५० रुपयांचा घेतला. वायरवाल्यात सेल संपत नाही आणि माउस उशीखाली हरवत नाही.

कीबोर्ड साधा मेम्ब्रेनचा, ५५० चा. मराठीसाठी इनस्क्रिप्ट, म्हणजे भारतीय भाषांसाठीची कळांची सरकारी मांडणी, बसवली, विंडोजमध्ये ती आधीपासून असते, फक्त भाषा जोडावी लागते. मी स्वतः इंग्रजी अक्षरांतून मराठी उमटवते, त्यामुळे आईंनाही तेच शिकवणार होते. त्यांनी इनस्क्रिप्टचा तक्ता बघितला आणि दहा मिनिटांत मलाच समजावलं: डाव्या हाताला स्वर आणि मात्रा, उजव्या हाताला बहुतेक व्यंजनं. क च्या कळीवर शिफ्ट धरला की ख, ग वर घ, त वर थ, द वर ध. "अगं, ही तर वर्णमाला मांडून ठेवली आहे. पहिलीच्या पोराला कळेल." जोडाक्षरासाठी मध्ये हलन्त (पाय मोडायची खूण), त्याला इंग्रजी डी ची कळ. एफ आणि जे वर जी बारीक उंचवट्याची रेघ असते, तिथे तर्जनी टेकवून सुरुवात करायची; त्या बोटांखाली पहिली वेलांटी आणि र येतात. अक्षरांचे स्टिकर लावले होते, मे महिन्यात डिंक सुटून त्यांचे कोपरे वर आले. तोवर आईंना त्यांची गरज उरली नव्हती. टायपिंगच्या सरकारी परीक्षेला मिनिटाला ३० शब्द लागतात; आई आज १४ वर आहेत, आणि त्या वेगावर खूश आहेत.

मग उन्हाळा आला. नागपूरचा मे कसा असतो ते सांगायला नको. पारा ४५ च्या घरात आणि कॉम्प्युटर भर दुपारी आपोआप बंद व्हायला लागला. आधी वाटलं लाइटचा घोळ. कारागीर घरी आला, कॅबिनेट न उघडताच खिडकीकडे बघून म्हणाला, "कूलर इकडूनच लावून राहिले काय?" हो, कूलरचा झोत थेट टेबलावर होता. खोली थंड राहील तर मशीनही थंड राहील, असा आमचा हिशेब. झाकण काढलं तर प्रोसेसरवरच्या हीटसिंकच्या, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या, पट्ट्यांमध्ये धूळ ओल्या हवेने घट्ट बसून नमद्यासारखी झाली होती. हवा जायला जागाच नव्हती. स्क्रूंना गंज, आणि बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग कॅबिनेटच्या बाजूवर. त्याने ब्रश आणि ब्लोअरने साफ केलं, प्रोसेसर आणि हीटसिंकच्या मधली थर्मल पेस्ट नवी लावली. प्रोसेसरचं तापमान ९६ अंशांवरून ६८ वर आलं. या प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० अंश आहे, म्हणजे आम्ही कुठवर गेलो होतो ते बघा. त्याच दमटपणात कीबोर्डचा डावा शिफ्ट आणि स्पेसबार गेला. कीबोर्ड नवा घेतला, टेबल समोरच्या भिंतीला हलवलं आणि कॅबिनेट जमिनीवरून वीतभर उंच स्टुलावर ठेवलं. त्यानंतर एकदाही बंद पडलं नाही. कूलर असलेल्या प्रत्येक घराला हे सांगावंसं वाटतं.

यूपीएस ६०० व्हीएचा, २८०० चा. पावसाळ्यात लाइट गेली की मॉनिटरसकट दहा-बारा मिनिटं मिळतात. तेवढ्यात सेव्ह करून व्यवस्थित बंद करता येतं. जूनमध्ये एका संध्याकाळी लाइट चार वेळा गेली आणि आईंचं एकही वाक्य गेलं नाही. हा खर्च टाळू नका.

किरकोळ दोन गोष्टी. ऑगस्टमध्ये पडदा काळा आणि आतून बीप बीप आवाज. मेन बंद करून, वायर काढून, कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावून मुलाने रॅमची पट्टी काढली, तिचे सोनेरी टोक खोडरबराने हलके पुसून परत बसवली. चालू. सप्टेंबरात घड्याळ मागे पडायला लागलं आणि बऱ्याच वेबसाइट उघडेनात. घड्याळ चालू ठेवणारा मदरबोर्डवरचा (आतल्या मुख्य पाटीवरचा) सीआर २०३२ सेल बदलला, चाळीस रुपयांत काम झालं. जुनं मशीन घेताना हा सेल आधीच बदलून मागा.

मॉनिटर साडेएकोणीस इंची आहे, अक्षर १५० टक्के केलं की आईंना चष्म्याशिवायही जमतं. स्पीकर त्यात नाही, ते मला घेताना कळायला हवं होतं.

आईंची ४१ पानं झाली आहेत. यवतमाळ लिहिताना त्या अजून शेवटच्या अक्षराला थांबतात, ओठांतल्या ओठांत "शिफ्ट आणि ल" म्हणतात आणि मग ळ उमटतो.